मधला गडी

३० नोव्हेंबर २०२४, कोलंबस, ओहायो. मिशिगन १३, ओहायो स्टेट १०.

अमेरिकन कॉलेज फुटबॉलशी तुमचा काही संबंध नसेल, तर हे आकडे वाचून काहीच वाटणार नाही. पण त्या दिवशी ओहायो स्टेट जवळपास २० गुणांनी जिंकेल असा अंदाज होता. मिशिगनच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूने, अख्ख्या सामन्यात पासवर जेमतेम ६२ यार्ड मिळवले. वर दोन पास सरळ समोरच्या टीमच्या हातात दिले. एवढं केल्यावर कुठलीही टीम हरते. ही जिंकली.

का जिंकली, याचं माझ्या मते सगळ्यात सरळ उत्तर एका आकड्यात आहे. ओहायो स्टेटने २६ वेळा चेंडू घेऊन धावायचा प्रयत्न केला आणि त्यातून ७७ यार्ड मिळाले. म्हणजे दर खेपेला तीन यार्डसुद्धा नाहीत.

मी कोल्हापूरचा. चार वर्षांपासून नोकरीसाठी कोलंबसमध्ये राहतो. इथे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या कॅम्पसवरच्या पाट्यांवर इंग्रजी ‘एम’ दिसला की त्यावर लाल फुली मारतात. मिशिगनचं नावसुद्धा नको म्हणून. ऑफिसातल्या लोकांना हे मला समजावून सांगावं लागेल असं वाटलं होतं. त्यांना काय माहीत, मी पाटाकडील विरुद्ध दिलबहारच्या मॅचला शाहू स्टेडियमवर बसून लहानाचा मोठा झालोय! पेठेपेठेतलं वैर मला कुणी शिकवायची गरज नव्हती. गरज होती ती हा खेळ शिकायची. कारण आमच्याकडचा फुटबॉल पायाने खेळतात, आणि यांचा, खरं सांगायचं तर, कबड्डीच्या जास्त जवळचा आहे.

तर गणित असं. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार संधी मिळतात, आणि त्यात दहा यार्ड पुढे जायचं असतं. गेले, की पुन्हा चार नव्या संधी. नाही गेले, की चेंडू समोरच्यांचा. पुढे जायचे मार्ग दोनच : चेंडू पोटाशी धरून धावायचं किंवा फेकायचा.

समजा पहिल्या संधीत धावून पाच यार्ड मिळाले. आता तीन संधी आणि पाचच यार्ड बाकी. हल्ला करणारी टीम निवांत. पुन्हा धावता येतं, फेकताही येतं, धावायचं नाटक करून फेकताही येतं. बचाव करणाऱ्यांना प्रत्येक शक्यतेसाठी थांबून बघावं लागतं, आणि या खेळात थांबून बघणं म्हणजे अर्धा सेकंद गमावणं.

आता उलट. पहिली धाव एका यार्डात दाबली. दुसरीही तशीच. तिसऱ्या संधीला आठ यार्ड हवेत. स्टेडियममधल्या लाखभर लोकांना कळतं की आता पासच येणार. मग बचावफळीच्या कडेला उभा असलेला गडी धावेचा विचारच सोडून देतो आणि सरळ क्वार्टरबॅकवर तुटून पडतो.

म्हणून प्रशिक्षक मंडळी आधी धाव थांबवा म्हणतात ते उगाच नाही. क्वार्टरबॅकवरचा दबाव हे व्याज आहे. धाव थांबवणं हे मुद्दल.

या दबावातही एक हिशेब आहे. क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड रक्षक असतात. बचावाच्या फक्त चार जणांनी त्यांना भेदलं, तर मागे सात जण पास अडवायला शिल्लक राहतात. चौघांना जमलं नाही तर पाचवा, सहावा पाठवावा लागतो, आणि प्रत्येक जादा माणसामागे मैदानात एक भोक पडतं. २०२२ साली ओहायो स्टेटने ही किंमत मोजली. मिशिगनची धाव रोखायची म्हणून माणसं पुढे दाटून ठेवली, तर कॉर्नेलियस जॉन्सनने डोक्यावरून आलेल्या पासवर ६९ आणि ७५ यार्डांचे दोन टचडाऊन केले. शेवटी धावही रोखली गेली नाहीच. हाताला प्लास्टर असलेला डॉनोव्हन एडवर्ड्स एकदा ७५ आणि एकदा ८५ यार्ड पळाला. निकाल ४५-२३, तोही ओहायोच्या घरात.

मिशिगन हे आधीपासून असंच जिंकत आलंय असं समजू नका. २०१८ साली त्यांचा बचाव देशातला पहिल्या क्रमांकाचा मानला जात होता, आणि ओहायो स्टेटने त्यांच्यावर ६२ गुण चढवले. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातातून इतक्या लवकर सुटत होता की दबाव पोहोचायच्या आत खेळ संपलेला असायचा. पुढच्या वर्षी जे. के. डॉबिन्स २११ यार्ड धावला, चार टचडाऊन, ५६-२७. वर्ग एकच, पण दोन वेगळ्या विषयांत नापास.

मग २०२१. अ‍ॅन आर्बरमध्ये थोडा बर्फ पडत होता. मिशिगनने ओहायो स्टेटला धावेवर फक्त ६४ यार्ड दिले आणि स्वतः २९७ मिळवले. एडन हचिन्सनने क्वार्टरबॅकला तीनदा आडवा केला. गंमत म्हणजे ओहायोच्या सी. जे. स्ट्राउडने त्या दिवशी जवळपास ४०० यार्डांचे पास फेकले. आकडेवारीत तो सुंदर दिसतो. पण धाव नसल्यामुळे त्याला सतत फेकतच राहावं लागलं, आणि फेकत राहिलेल्या माणसाला हचिन्सन कधीतरी गाठणारच. निकाल ४२-२७. मिशिगनचा २०११ नंतरचा पहिला विजय.

पण हे सगळं वैराच्या सामन्यात इतकं निर्णायक का ठरतं? मला तीन कारणं दिसतात.

एक, हवामान. नोव्हेंबर संपताना इथे बोटं बधिर होतात. १९५० साली हिमवादळात झालेला सामना मिशिगनने ९-३ असा जिंकला, आणि तोही एकही पास पूर्ण न करता, दहा यार्डांचा टप्पा एकदाही न गाठता! ते २४ वेळा चेंडू लाथेने लांब ढकलत राहिले आणि समोरच्यांच्या चुकीची वाट बघत राहिले.

दोन, ओळख. १८९७ पासून हे एकमेकांशी खेळतायत. वर्षभर एकमेकांचे व्हिडिओ बघतात. डावपेच दोघांनाही पाठ असतात. मग उरतं ते समोरच्याला जागेवरून हलवता येतं की नाही, एवढंच.

तीन, ईर्ष्या. २०२४ मध्ये ओहायो स्टेटकडे देशातले सर्वोत्तम पास झेलणारे गडी होते. तरी ते पुन्हा पुन्हा मधोमध धावत राहिले, नेमके जिथे मिशिगनचे मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट उभे होते तिथेच. तीन वर्षं ‘तुम्ही मऊ आहात’ हे ऐकून घेतलेल्या टीमला बहुतेक सिद्ध करायचं होतं की आम्हीही भिंतीला धडक देऊ शकतो. भिंत पडली नाही. माझ्या मते वैराचा सामना असा घात करतो. जे सोपं आहे ते सोडून तुम्ही जे टोचतंय ते करायला जाता. हीच टीम पुढे जानेवारीत नोत्र दामला ३४-२३ हरवून राष्ट्रीय विजेती ठरली. म्हणजे ताकद होतीच. आणि २०२५ मध्ये त्यांनी अ‍ॅन आर्बरला जाऊन मिशिगनला २७-९ हरवलं, एकही टचडाऊन होऊ न देता.

आता ग्रॅहम आणि ग्रँटबद्दल. हे बचावफळीच्या मधोमध उभे राहणारे, दीडशे किलोच्या आसपासचे गडी. त्यांचं काम बऱ्याचदा पकड करणं हे नसतंच. समोरचे दोन रक्षक आपल्या अंगावर घ्यायचे आणि मागच्या मोकळ्या गड्याला पकड करू द्यायची. स्कोअरकार्डवर नाव त्या मागच्याचं येतं.

मी ही मॅच आप्पांना दाखवली. पूर्ण नाही, दहा मिनिटांचे तुकडे, व्हॉट्सअ‍ॅपवर. आप्पा म्हणजे माझे वडील, वीज मंडळात लाइनमन. मला वाटलं, शेवटची धाव बघून खूश होतील. केलेल मलिंग्ज २७ यार्ड सुटतो, मग ४५ सेकंद उरलेले असताना फील्ड गोल. त्यांनी फोन करून विचारलं, ‘‘त्यो मधला गडी कोन रं? दोघास्नी धरून बसलाय बघ. त्येचं नावच घेत न्हाईत.’’

मी हा खेळ नीट बघायला दोन वर्षं घेतली होती. त्यांना दहा मिनिटं लागली.

लागणारच. २०१९ च्या पुरात आमच्या भागात पंचगंगा शिरली, तेव्हा आप्पा सहा दिवस घरी आले नव्हते. लाइट आली त्या संध्याकाळी गल्लीने टाळ्या वाजवल्या. पण त्याआधीच्या आणि नंतरच्या हजारो संध्याकाळी लाइट गेलीच नाही, त्या कुणाच्या लक्षात असणार? फांदी तारेला लागायच्या आधी छाटणं, सैल झालेला जंपर पावसाआधी आवळणं, याला टाळ्या नसतात.

माझं कामही त्याच जातीचं आहे. ज्या प्रणालीवर कंपनीचे रोजचे व्यवहार चालतात, ती पडू नये हे बघायचं. ती पडली की सगळे माझं नाव घेतात. नाही पडली की वर्षअखेरीच्या फॉर्ममध्ये ‘इम्पॅक्ट’ या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न. यंदा मॅनेजरने प्रेमाने सुचवलं, नवीन फीचर बनवणाऱ्या टीममध्ये जा, तिथे काम दिसतं. त्याचं म्हणणं खोटं नाही. माझा व्हिसा नोकरीवर, नोकरी रेटिंगवर, आणि रेटिंग दिसण्यावर.

यावर फुटबॉलनेच एक युक्ती दिली. पूर्वी बचावाचं माप एकच असायचं : क्वार्टरबॅकला किती वेळा पाडलं. मग विश्लेषकांनी एकेक खेळ पडद्यावर बघून ‘प्रेशर’ मोजायला सुरुवात केली. पाडलं नाही, पण घाई करायला लावली का? पाय हलवायला लावले का? २०२३ चा सामना असाच संपला. जेलन हॅरेलने क्वार्टरबॅकला पाडलं नाही, फेकतानाच्या हाताला धक्का दिला, चेंडू भरकटला आणि रॉड मूरने तो पकडला. मिशिगन ३०, ओहायो स्टेट २४.

म्हणून मी यंदा माझे ‘प्रेशर’ मोजले. कुठे डिस्क भरत आली होती आणि आधीच रिकामी केली, कुठलं प्रमाणपत्र मुदत संपायच्या आत बदललं, कुठली चुकीची रिलीज दारातच अडवली. वर्षभराच्या तिकिटांमधून अशा एकतीस नोंदी निघाल्या. फॉर्मला जोडून दिल्या. मॅनेजरने वाचल्या, दोन प्रश्न विचारले, चांगले प्रश्न. रेटिंग मागच्या वर्षीचंच आलं. टीम बदलायची की नाही, हे मला मार्चपर्यंत सांगायचं आहे.

आप्पा मे महिन्यात निवृत्त होतायत. नारळ, शाल, फोटो होईल. मला इथून व्हिडिओ कॉलवर दोन शब्द बोलायला सांगितलंय. तयारी म्हणून मी त्यांना विचारलं, ‘‘आप्पा, तुमच्यामुळं किती वेळा लाइट जायची वाचली असंल?’’

ते हसले. ‘‘न गेल्याली लाइट कोन मोजतंय व्हय?’’

मग जरा वेळाने स्वतःच सांगायला लागले. मळ्याकडचा तो वाकलेला खांब, शाळेमागचा ट्रान्सफॉर्मर, गणपतीच्या मिरवणुकीआधी दरवर्षी उचलायची ती एक तार. मी लॅपटॉप उघडून टाइप करत गेलो. एका फोनमध्ये आत्तापर्यंत चौदा झाल्यात. पुढच्या रविवारी २००५ च्या पुरापासून सुरू करायचं ठरलंय.