कच्ची चिठ्ठी

गेल्या दिवाळीत आईने शिवणाच्या पैशांतून मिक्सर घेतला. दुकानदार म्हणाला, "वहिनी, पक्कं बिल केलं तर कर लागेल. ही चिठ्ठी ठेवा, आपण काय परके आहोत?" पंधराव्या दिवशी मिक्सरमधून धूर निघाला. तो पिशवीत घालून मी दुकानात गेलो. तिथली पाटी तुम्ही पाहिलीच असेल : 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' वर मलाच विचारणा, "बिल कुठाय?"

मान खाली घालून परतलो आणि ग्रंथालयात २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा घेऊन बसलो. (परीक्षेसाठी मी इतका वाचत नाही, हे सरांना ठाऊक आहेच!) १९८६ च्या कायद्याच्या जागी तो जुलै २०२० पासून आला. त्यात चक्क लिहिले आहे, की बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा. सदोष माल बिलातल्या मुदतीत, मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत न घेणे हीदेखील. म्हणजे ज्या बिलापायी मी ओशाळलो, तो दोष त्याचा होता! जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करता येते. वकील लागत नाही, एवढ्याशा रकमेला शुल्कही नाही. चिठ्ठीवर तारीख, रक्कम त्याच्याच हातची.

मी उत्साहाने अर्ज लिहिला. आईने तो वाचला, घडी घातली.

"तुझी फी भरायला हजार रुपये त्याच्याकडूनच आणले होते रे."

अर्ज फडताळात आहे, मिक्सरशेजारी. सही आईची हवी. ती पाट्यावर चटणी वाटते आहे.