गुण आणि गुण्या

वयाच्या 44व्या वर्षी परीक्षेस बसणे हे तसे शहाणपणाचे लक्षण नव्हे. आणि बसून नापास होणे म्हणजे तर घरातल्या मुलांच्या हाती कोलीत देणेच होय. ही दोन्ही कृत्ये मी केली आहेत. "बाबा, तुम्ही प्रश्नच नीट वाचला नसेल," असे माझी नववीतली मुलगी म्हणाली, तेव्हा हेच वाक्य आजवर मी तिला किती सहजपणे ऐकवीत आलो होतो, याची मला प्रथमच जाणीव झाली.

परीक्षा होती संगणकांचा कारभार सांभाळण्याची. या विद्येत दोन तऱ्हेच्या परीक्षा असतात. एकीत चार उत्तरांपैकी एकावर खूण करावयाची. तेथे अंदाजाने मारलेला बाणही कधीकधी लक्ष्यावर बसतो. दुसरीत एक जिवंत यंत्र तुमच्या स्वाधीन करतात, करावयाची कामे सांगतात आणि घड्याळ सुरू करतात. सिस्को कंपनीने 1993 मध्ये सुरू केलेल्या सी. सी. आय. ई. या परीक्षेत उमेदवारास प्रयोगशाळेत 8 तास झगडावे लागते; कुबरनेटीसच्या प्रशासकांची परीक्षा 2 तासांचीच, पण तीही सारी हातानेच द्यावयाची. मी दिलेली परीक्षा या दोहोंपैकी नव्हे. कुळ मात्र तेच. तेथे घोकंपट्टीला थारा नाही, हात चालला पाहिजे. म्हणूनच असल्या परीक्षांविषयी मला आदर वाटत असे, आणि खरे सांगायचे तर अजूनही वाटतो.

कॅमेऱ्याच्या डोळ्यादेखत मी 3 तास काम केले आणि विजयी मुद्रेने उठलो. दुसऱ्या दिवशी निकालाची ई-मेल आली. उत्तीर्ण होण्यास शंभरांत 70 गुण हवे होते. मला 64 पडले होते. खाली पाच विभागांची नावे आणि प्रत्येकासमोर एक आकडा. चार आकडे सन्मान्य होते. पाचवा, डिस्कच्या व्यवस्थेचा, शून्य होता. पत्र तेथेच संपले होते.

शून्य! डिस्कची सगळी कामे मी केली होती. नवा कप्पा पाडला, तो यंत्राला जोडला, जोडलेला डोळ्यांनी पाहिला. मग चुकले कोठे? अशी जोडणी लगेच दिसू लागते खरी; परंतु एफ-स्टॅब नावाच्या फाइलीत तिची नोंद केली नाही, तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करताच ती नाहीशी होते; आणि तपासणी तर यंत्र पुन्हा सुरू केल्यावरच होते. मी नोंद करावयास विसरलो? की नोंदीत एखादे अक्षर चुकले? की कप्प्याचा आकार थोडा कमी भरला? की काम अचूक करूनही नाव भलतेच दिले? कित्येक रात्री घरच्या लॅपटॉपवर मी तीच कामे आठवून आठवून पुन्हा केली. प्रत्येक वेळी ती बिनचूक झाली!

मी कंपनीला पत्र लिहिले. परीक्षेची गोपनीयता राखावयाची असल्याने तपशील देता येत नाही, असे सभ्य उत्तर आले. स्नेह्यांना विचारावे, तर परीक्षेतील कामे कोणासही सांगणार नाही अशा करारावर मी आधीच मान्यतेची खूण केलेली. आपल्याच चुकीविषयी बोलण्याची चोरी झाली.

कंपनीची बाजू मला कळत नाही असे नाही. असली कामे रचणे कष्टाचे असते. ती फुटली, तर उत्तरांची पुस्तके बाजारात यावयास उशीर लागणार नाही. शिवाय तपासणारा संगणक कोणाचे तोंड पाहून गुण देत नाही, हा गुण काही लहान नव्हे. परंतु प्रश्न झाकून ठेवणे आणि चूक झाकून ठेवणे यांत अंतर आहे. 'यंत्र पुन्हा सुरू केल्यावर काम टिकले नाही' किंवा 'नाव जुळले नाही' एवढी एक ओळ लिहिली असती, तर कोणते गुपित उघडे पडले असते?

हे गाऱ्हाणे मी अण्णांपुढे मांडले. माझे वडील आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गाचे शिल्पनिदेशक होते. मुलांना ते लोखंडी ठोकळा कानशीने घासून काटकोनात आणावयास देत. मुलगा ठोकळा घेऊन आला, की अण्णा त्याला गुण्या लावून तो उजेडासमोर धरीत. गुण्याचे पाते आणि ठोकळा यांच्यामधून जेथे उजेड झिरपे, तेथे खडूने खूण करीत. गुण ते देतच; पण आधी उजेड दाखवीत.

"म्हणजे उजेड कुठून येतो, ते दाखवलंच नाही?" अण्णांनी विचारले.

"माणूस तपासत नाही, अण्णा. तपासणाराही संगणकच."

"त्याला उजेड दिसत नाही होय?"

"त्याला बरोबर दिसतो. पण सांगायची मनाई आहे."

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. "परीक्षेत सगळं सांगू नये, हे खरं," ते म्हणाले. "पण नापास झालेल्याला पुढं कानस कुठं चालवायची, एवढं तरी कळावं की नाही?"

तीन महिन्यांनी पुन्हा पदरचे शुल्क भरून मी परीक्षेस बसलो आणि उत्तीर्ण झालो. घरात पेढे वाटले गेले. डिस्कच्या विभागासमोर या वेळी 100 होते. परंतु पहिल्या वेळी काय चुकले होते, ते मला आजतागायत ठाऊक नाही. ती चूक माझ्या हातून गेली, की या खेपेस तिला वावच मिळाला नाही? माझ्या ताब्यातील यंत्रांवर चारशे माणसांच्या पगाराचा हिशेब चालतो. तेथे गुणपत्रिका दाखवून भागत नाही. डिस्कचे काम आटोपून यंत्र पुन्हा सुरू केले, की ते वर येईपर्यंत मी पडद्यासमोरून हलत नाही. प्रमाणपत्र मागच्या भिंतीवर टांगलेले असते; त्याच्याकडे मात्र त्या वेळी पाहवत नाही.