शजऱ्यात नसलेली नानी

धाकट्या चुलतभावाला डीएनए चाचणी करायचीय. आपण देशमुख मूळचे अरब, हे त्याला सिद्ध करायचंय. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडेच जातं, आडनावासारखं. (माझ्यात ते नाहीच, तरी मी देशमुख!) पण देशमुखी हे वतन. मराठ्यांकडे होतं, ब्राह्मणांकडे होतं, मुसलमानांकडेही. आडनाव एक म्हणून रक्त एक, असं कुठे असतं?

दहा पिढ्या मागे गेलं की हिशेबाने १०२४ पूर्वज. वाय त्यातल्या एकाचाच माग देतं. मायटोकाँड्रियल डीएनए आईकडून सगळ्या लेकरांना मिळतो, पुढे मात्र लेकीच देतात. त्या वाटेला आडनाव नाही. आमच्या शजऱ्यात एकाही बाईचं नाव नाही.

"दोन्ही चाचण्या कर," म्हटलं.

"आपा, आईकडचं कळून काय करायचं?"

अम्मीला तिच्या नानीचं नाव विचारलं. तिला "मिरजवाली" एवढंच आठवलं.