डीपीची गुणगुण आणि विमानाचा पंखा

पुणतांबा,
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

रात्री कॉम्प्युटरवर कसली विमानं उडवत बसतोस, असं विचारलंस. खरं सांगू का, उडवणं थोडं आणि हिशेबच जास्त. गेला महिनाभर एटीआर 72 च्या पंख्यात अडकलोय.

ज्या वर्षी आपल्या गावातून शेतकऱ्यांचा संप उठला, त्याच 2017 साली, 1 ऑक्टोबरला काकडी गावातलं शिर्डी विमानतळ सुरू झालं. सुरुवातीला तिथं यायची ती अलायन्स एअरची एटीआर. दोन इंजिनं, प्रत्येकावर सहा पात्यांचा पंखा. तेच विमान मला सिम्युलेटरमध्ये हवं होतं, म्हणून सेस्ना कॅरॅव्हॅनची तयार फाईल घेतली आणि त्यात एटीआरचे आकडे भरायला बसलो. पंख्याचा व्यास 3.93 मीटर टाकला, पण फेरे कॅरॅव्हॅनचेच राहिले, मिनिटाला 1900. विमान नुसतं किंचाळत होतं, वर चढेना.

मग वहीचं मागचं पान काढलं. व्यास 3.93, म्हणजे एका फेऱ्यात पात्याचं टोक 12.35 मीटर धावतं. 1900 फेऱ्यांनी ते सेकंदाला 391 मीटर जाणार! आवाज जातो 340. टोक आवाजाच्या पुढे गेलं की हवा ओढायची राहते बाजूला, ताकद धक्क्यात आणि गोंगाटात जाते. मोठा पंखा सावकाशच फिरला पाहिजे. एटीआरचा जास्तीत जास्त 1200 फेरे फिरतो.

पुढचं गणित तुझ्या वडिलांच्या गिरणीतलंच आहे. मोटार 1440 ची, तिची पुली 4 इंची, गिरणीची 12 इंची, की जातं 480 ने फिरणार. इथं पट्ट्याऐवजी गिअर. पंख्याला फिरवणारं टर्बाइन मिनिटाला सुमारे 20,000 फेरे घेतं. भागिले 1200, उत्तर 16.67. हा एक आकडा फाईलमध्ये बसवला आणि विमान धावपट्टीवरून अलगद उचललं. त्या रात्री मला झोप आली नाही.

पण मला खरा वेळ लागला तो दुसऱ्याच गोष्टीला. पायलटनं जोर वाढवला की पंखा जोरात फिरत असेल, असं मी धरून चाललो होतो. तसं नसतं. फेरे ठरलेले असतात, पात्यांचा कोन बदलतो. इंजिनानं जोर लावला की पातं हवेचा मोठा घास घेतं आणि फेरे आहेत तिथंच राहतात. उड्डाणाला 100 टक्के, पुढे वर चढताना आणि सरळ जाताना 82 टक्के, म्हणजे 984 फेरे. हे 82 कशासाठी, तेही काढलं. 984 फेऱ्यांना टोक सेकंदाला 202 मीटर फिरतं, शिवाय विमान स्वतः ताशी 510 किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला 142 मीटर पुढे जातं. दोन्ही वेग काटकोनात, म्हणून वर्ग करून बेरीज आणि वर्गमूळ: 247. धावपट्टीवर उभं राहून 1200 नं फिरताना टोकाचा वेग किती? तोही 247! वीस हजार फुटांवर आवाज 316 मीटरनं जातो, तेव्हा टोक त्याच्या 78 टक्क्यांवर राहतं. फेरे 1200 च ठेवले असते तर 90 टक्क्यांवर गेलं असतं.

आता गंमत ऐक. 984 भागिले 60, गुणिले 6 पाती, म्हणजे सेकंदाला 98 ठोके. आपल्या मळ्याजवळच्या डीपीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची, गुणगुण सेकंदाला 100 ची असते. मुंबईला जाताना मी त्या विमानात बसलो होतो. वर गेल्यावर आवाज बदलून खाली उतरला आणि मला एकदम आपली डीपी ऐकू आली. वीस वर्षं मोटारी रिवाइंड करणाऱ्या कानाला तो सूर चुकत नाही. आता सिम्युलेटरमध्ये काट्याआधी मी कानानंच तपासतो.

त्याच प्रवासात, दारं उघडी असताना उजवं इंजिन शिट्टी वाजवत होतं आणि पंखा मात्र ठप्प. त्या पंख्याला ब्रेक असतो. इंजिनाचा पुढचा भाग आणि पंख्याचं टर्बाइन यांच्यामध्ये दांडा नाही, फक्त तापलेल्या वायूचा झोत. म्हणून पुढच्या भागाच्या फेऱ्यांवरून पंख्याचे फेरे काढायला जाऊ नये. हा ब्रेक फाईलमध्ये कसा बसवायचा, ते अजून जमलेलं नाही.

ही इंजिनं बनवणाऱ्या कंपनीचं मुख्य ठाणं तुझ्या मॉन्ट्रियलच्या समोर आहे, सेंट लॉरेन्सच्या पलीकडे, लाँगेयला. एकदा त्या काठावर जाऊन ये, माझ्यासाठी. आणि जानेवारीत तिथं पारा किती उतरतो ते नक्की कळव. उणे 20 ला आवाजाचा वेग 319 वर येतो, आपल्याकडे मे महिन्यात 42 ला तो 356 असतो. तुझ्याकडच्या थंडीत उड्डाण करताना टोक किती जवळ जातं, ते मांडून बघायचंय.

तुझा
दोस्त