लागार्दचे रक्त आणि आपला ‘मूलनिवासी’

रत्नागिरीत तरुणांचे अभ्यासवर्ग घेताना आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येते : “आपण मूलनिवासी, ते परके. डीएनएनेच सिद्ध झालंय.” बोलणाऱ्याचा राग खरा असतो. त्याच्या आजोबांना गावच्या विहिरीवर घागर लावू दिलेली नसते. पण राग खरा म्हणून सिद्धांत खरा होत नाही. या सिद्धांताचे कूळ शोधत गेलो तर आपण जर्मन विद्यापीठांत पोहोचतो.

पॉल द लागार्द (१८२७-१८९१) हा ग्योटिंगेनचा प्राच्यविद्येचा प्राध्यापक. हिब्रू, सिरियाक, कॉप्टिक अशा भाषांचा मोठा पंडित. ज्यूंच्या धर्मग्रंथांत आयुष्य घालवलेल्या याच माणसाने १८८७ मध्ये ज्यूंची तुलना रोगजंतूंशी केली. जंतूंशी बोलणी करायची नसतात, असा त्याचा रोख. त्याच्या आधीच लासेन या संस्कृत पंडिताने आर्य वरचे, सेमिटिक खालचे अशी प्रतवारी लावली होती. भाषांचे नाते होते, त्याचे रक्ताचे नाते केले गेले. भाषेवरून वंश ठरवू नका, असे मॅक्स म्युलरने १८८८ मध्ये बजावले, पण ऐकतो कोण? पुढे नाझींनी लागार्दला आपला पूर्वसुरी मानले.

हाच आर्य इकडेही आला. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी १९०३ च्या ग्रंथात आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाकडे नेले. ज्या कथेने युरोपात ज्यू परका ठरला, तिनेच इथला ब्राह्मण साहेबाचा चुलतभाऊ झाला. (ज्यू आमच्या कोकणातही होते. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोकांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. आपल्याकडे वंश नव्हे, जातच चिकटते!)

यावर कार्यकर्ते विचारतात, मग फुल्यांचे काय? ‘गुलामगिरी’त आर्यभट बाहेरूनच आले आहेत ना? आहेत. १८७३ साली जोतीरावांनी पंडितांचीच कथा पंडितांवर उलटवली, आणि ते धाडस होते. बाबासाहेबांनी १९४६ चे ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ त्याच जोतीरावांना अर्पण केले, आणि त्याच पुस्तकात आर्य वंशाचा सिद्धांत खोडून काढला. वेदांत ‘आर्य’ हा वंश नाही, असे त्यांनी दाखवले. १९४८ मध्ये अस्पृश्यांवरील ग्रंथात तर नाकाडोक्याच्या मोजमापांचे आकडे घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत, हे मांडले. गुरूला असे वाचायचे असते.

लोक इकडून तिकडे गेले, मिसळले. जनुकशास्त्र ते सांगेल. पण विहिरीवर कोणी जायचे, हे जनुके ठरवत नाहीत. ते वतन, धर्मशास्त्र आणि जमीन ठरवते.

रत्नागिरी जिल्ह्यात खोत ब्राह्मण होते, मराठा होते, मुसलमानही होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्यात खोताचे पूर्वज कुठून आले याची चौकशी नव्हती, तो कुळाकडून काय उकळतो याची होती. १० जानेवारी १९३८ ला मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला, तेव्हा कोकणातला कुणबी आणि महार एकाच रांगेत चालत होते.