चुंबळ

आईची चुंबळ तिच्या जुन्या लुगड्याची होती. लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची, गोधडीतून उरलेल्या काठाकडच्या पट्टीची चुंबळ. पट्टीला पीळ देत ती गोल वळायची, टोक आत खोचायची, डोक्यावर ठेवून तळव्यानं एकदा दाबायची आणि मग शेजारणीला म्हणायची, "हात लाव गं." भरलेला हंडा गुडघ्यापर्यंत एकटीला घेता येतो. पुढे डोक्यापर्यंत नेणं तरण्याताठ्या बाईला जमतं, पण दमलेलीला, पोटुशीला, म्हातारीला दुसरा हात लागतोच. घरी आल्यावर तीच चुंबळ माठाखाली जायची. गोल बुडाचा माठ तिच्याशिवाय उभा राहत नाही.

नेवासे तालुक्याच्या कोरडवाहू टोकाला आमचं गाव. १९७२च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. विहिरी तळाला गेल्या होत्या आणि आई पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहत होती. घरी लाल मिलोची भाकरी, कामावर पोरांना सुकडी. त्या दिवसांत चुंबळ तिच्या अंगावेगळी झालेली मला आठवतच नाही. रविवारी मिस्सेला जातानासुद्धा ती कमरेला खोचलेली असायची, कारण येताना वाटेवरच्या विहिरीवर पाणी मिळालं तर बघायचं होतं.

अशाच एका रविवारी मी चर्चमधल्या क्रुसाकडे बघत बसले होते. क्रूस रोजचाच, पण त्या दिवशी येशूच्या डोक्यावरचा काट्यांचा मुगुट मला चुंबळीसारखा दिसला. बाभळीच्या फांदीची वळलेली चुंबळ. मी आईला कोपरानं ढोसून विचारलं, "याची घागर कुठंय?" आईनं आधी मला गप्प केलं. बाहेर आल्यावर, बऱ्याच अंतरानं, चालता चालता म्हणाली, "ठिवली असंल उतरून."

पुढे मठात गेल्यावर ख्रिस्तशास्त्राची पुस्तकं वाचली, परीक्षा दिल्या. आईच्या त्या उत्तरात दुरुस्ती करावी असं अजून वाटलेलं नाही.

परिचारिकेचं शिक्षण झालं आणि १९९४ साली मला युगांडात, मसाकाच्या बाजूच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात पाठवलं. निघताना आईनं लोणच्याची बरणी दिली. ती विमानात फुटू नये म्हणून बुडाशी एक चुंबळ घातली होती. लोणचं सहा महिन्यांत संपलं.

मिशनरी म्हणून नव्यानं गेलेल्या माणसाला एक खोड लागते. जे दिसेल त्यात तो धडा शोधतो. केळीचा घड दिसला की द्राक्षवेलाचा दृष्टान्त, मुंग्यांचं वारूळ दिसलं की मंडळीची एकी. मीही पहिली दोन वर्षं वहीत असलंच लिहीत होते. ती वही आता वाचवत नाही. लोक बिचारे पाणी भरत असतात, मटोके, म्हणजे हिरवी केळी, सोलत असतात, आणि आपण त्यांच्या घामातून प्रवचनाचं उदाहरण पिळून काढतो.

चुंबळ मात्र मी शोधली नव्हती. दवाखान्याखालच्या पंपावर एका जाजानं, म्हणजे आजीबाईनं, केळीच्या वाळक्या सोपटाला पीळ दिला, गोल वळलं, टोक आत खोचलं, डोक्यावर ठेवून तळव्यानं दाबलं. मी जागच्या जागी उभी राहिले. लुगांडा भाषेत चुंबळीला एन्काटा म्हणतात. तिच्यावर बसतो तो पिवळा जेरीकॅन, २० लिटरचा. मूळचा हा जर्मन सैन्याचा पेट्रोलचा डबा; ब्रिटिश शिपाई जर्मनांना जेरी म्हणत, त्यावरून नाव पडलं. युगांडात तो खाद्यतेलाचा येतो आणि तेल संपलं की जन्मभर पाणी वाहतो.

पंपाची गोष्ट तर मला फार उशिरा कळली. युगांडाभर दिसणारा यू-टू हातपंप हा भारताच्या इंडिया मार्क टूचा भाऊ. मार्क टू १९७०च्या दशकात युनिसेफच्या पुढाकारानं घडला, आणि त्याचा पाया होता सोलापूर पंप. त्याही आधी जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी जालना पंप बनवला होता. परदेशातून येणारे बिडाचे पंप एका कुटुंबासाठी केलेले असत. अख्खं गाव दांड्यावर पडलं की मोडत. म्हणून या मंडळींनी पोलादाचा, साखळीनं ओढणारा, भक्कम पंप केला. म्हणजे मी हजारो मैल ओलांडून ज्या पंपावर उभी होते, त्याची माहेरवाट मराठवाड्यातून आणि सोलापुरातून गेलेली. ही गोष्ट मी जाजाला सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि दांडा माझ्या हातात दिला.

तिथे ओझं घेऊन चाललेल्या माणसाला नुसतं ओलांडून जात नाहीत. "ग्येबाले को," म्हणतात. तुझ्या कष्टांबद्दल शाबासकी आणि आभार, दोन्ही त्यात आलं. पहिल्याच महिन्यात मी हौसेनं एन्काटा घेऊन कॅन डोक्यावर चढवला. वीस पावलांत निम्मं पाणी माझ्या पाठीवरून खाली. सगळ्या बायका हसल्या, आणि तरीही प्रत्येक जण म्हणाली, "ग्येबाले को, सिस्टर."

१९८६ साली नेचर या नियतकालिकात केनियातल्या बायकांवर एक शोधनिबंध आला होता. स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंतचं ओझं लुओ आणि किकुयू बायका जास्तीची ताकद न खर्चता वाहतात, असं त्यात मोजून दाखवलं आहे. एका पाहुण्या डॉक्टरांनी मला तो मोठ्या कौतुकानं दाखवला. मीही कौतुक केलं. पण पन्नास किलोच्या बाईचे वीस टक्के म्हणजे दहा किलो. भरलेला कॅन वीस किलोचा, आणि मानदुखीसाठी माझ्या दारात बसलेल्या रांगेनं तो निबंध वाचलेला नव्हता.

पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात मला तरुणपणी अडलेली एक जागा आहे. दुसऱ्या वचनात तो एकमेकांची ओझी वाहायला सांगतो आणि पाचव्यात म्हणतो की ज्यानं त्यानं आपला भार वाहायचा आहे. मग करायचं काय? मठातल्या शिक्षिकेनं सांगितलं होतं की ग्रीकमध्ये हे शब्द दोन आहेत. पहिला बारोस, माणसाला दाबून टाकणारं वजन. दुसरा फोर्तिऑन, ज्याची त्यानं न्यायची शिदोरी, गाठोडं. येशू आपलं ओझं हलकं आहे म्हणतो तिथेही शब्द फोर्तिऑनच आहे. मी ते पाठ केलं, परीक्षेत लिहिलं. समजलं पंपावर. कॅन जमिनीवर असतो तोवर तो दोघींचा असतो. डोक्यावर बसला की एकीचा.

आई २००३ साली गेली. मी पोचले तेव्हा माती होऊन चार दिवस झाले होते. घरात नळ आला होता, माठाखाली लोखंडी तिवई होती. चुंबळ मी सगळीकडे शोधली. वहिनी म्हणाली, "ती चिंधी व्हय? फेकली असंल." तिची काही चूक नव्हती. हरेगावला जाऊन मतमाउली मरियेपुढे मेणबत्ती लावली आणि परत आले.

आता साठी उलटली. दवाखान्यात तरुण सिस्टर्स आल्या आहेत, मी गरोदर बायकांची तपासणी तेवढी करते. आठवा महिना लागलेल्या प्रत्येकीला सांगते, जड उचलू नको. सगळ्या मान हलवतात. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर संध्याकाळी पंपाकडे गेले, तर सकाळीच मान हलवून गेलेली एक जण तिथे एकटी. बाकीच्या बायका पाणी घेऊन गेलेल्या, ही शेवटची. कॅन भरलेला, ती त्याच्याकडे बघत उभी. मला पाहून ओशाळली. मी रागावण्याचा प्रयत्न केला. पण घरी पाणी कोण आणणार होतं, हे तिनं विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"मी नेते," म्हटलं. तिनं डोक्यावरची एन्काटा काढली, माझ्या शिरोवस्त्रावर ठेवली, तळव्यानं दाबली. अगदी टाळूवर. आणि कॅनला हात लावायला वाकली. मी तिला ओढून सरळ केलं. तिला मी उचलू देईना, आणि मला एकटीला कॅन गुडघ्याच्या वर नेता येईना. दोनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा ती हसायला लागली, मग मीही.

मग आम्ही दोघी पंपाच्या ओट्यावर बसलो, रस्त्याकडे तोंड करून. कॅन खाली मधोमध. चुंबळ माझ्या डोक्यावर तशीच. लांबून कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजत होती, पण ती आमच्याकडे येत होती की पलीकडे जात होती, ते अजून कळत नव्हतं.