प्लस, फोर्ट, डायमंड

मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी हातात आली की आधी नावाचे शेपूट बघावे. एम१ म्हणजे ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम, जोडीला मेटफॉर्मिन, बहुतेक वेळा ५००. एम२ म्हणजे ग्लिमेपिराइड दुप्पट, मेटफॉर्मिन तेवढेच. पुढे फोर्ट लागले की मेटफॉर्मिन सहसा १००० वर गेलेले असते. मध्येच पी घुसला तर पायोग्लिटाझोनही आले. एवढी शेपटे लागतात ती एकाच अडचणीमुळे. दोन औषधे एका गोळीत बांधली की एकाचा डोस वाढवताना दुसऱ्याचाही वाढतो. मेटफॉर्मिन वाढवायचे आहे, पण ग्लिमेपिराइडने साखर एकदम खाली जाऊन घाम फुटतो, अशा माणसाला तीच गोळी दोनदा देऊन भागत नाही. मग कंपनी आणखी एक शेपूट काढते. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "तीच आहे काका, फक्त फोर्ट आहे." त्या 'फक्त'मध्ये ५०० मिलिग्रॅम असतात.

*

लग्नाची तिथी नसलेल्या रविवारी मंगल कार्यालयात नेटवर्क मार्केटिंगचा प्लॅन दाखवला जातो. फळ्यावर एक गोल, खाली दोन गोल, त्यांच्याखाली चार. लेफ्ट, राइट. डावीकडे एक आयडी, उजवीकडे एक आयडी, झाली पेअर, आला चेक.

खरी गंमत लेगमध्ये असते. अपलाइन, म्हणजे तुम्हाला प्लॅनमध्ये आणणारा, म्हणतो, "तुमची एक लेग मी भरून देतो, तुम्ही फक्त दुसरी सांभाळा." आणि तो खरोखर भरतो, कारण ती लेग त्याचीही असते. तिला पॉवर लेग म्हणतात. पण पैसे ठरतात कमी भरलेल्या बाजूवर. डावीकडे चारशे माणसे आणि उजवीकडे तीन असतील, तर हिशेब तिनाचा. म्हणजे ज्या लेगची भेट म्हणून जाहिरात झाली, तिचा तुम्हाला उपयोग तुम्ही स्वतः दुसरी भरेपर्यंत जवळपास शून्य. हे गणित अवघड नाही. फक्त ते फळ्यावर येत नाही, आणि प्रश्नोत्तराच्या वेळी चहा येतो.

*

नवीन माणसाला पहिले काम मिळते ते यादीचे. शंभर नावे. मुलीच्या लग्नात पत्रिका वाटायला केलेली वही कपाटातून निघते. मावसभाऊ, शाळेतला बाकावरचा मित्र, बायकोच्या भिशीतल्या बायका, सोसायटीचा सेक्रेटरी. नियम असा की नाव गाळायचे नाही. 'तो घेणार नाही' हे आपण ठरवायचे नाही. मग थ्री-वे कॉल. ओळख मेव्हण्याची, बोलणे अपलाइनचे. ऐकणाऱ्याची पंचाईत अशी की शंका विचारायची ती अनोळखी माणसाला आणि नकार द्यायचा तो मेव्हण्याला.

*

प्रत्येकाने पाच जण आणले तर? पाच, पंचवीस, सव्वाशे. बाराव्या पायरीपर्यंतची बेरीज ३० कोटींच्या वर जाते. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्र ११.२४ कोटींचा होता. तेराव्या पायरीला बेरीज १५२ कोटी. भारत संपला, तान्ह्या बाळांसकट.

*

चांगली जोड कशी घडते त्याचा नमुना म्हणजे को-ट्रायमोक्साझोल. सल्फामेथोक्साझोल आणि ट्रायमेथोप्रिम ही दोन्ही जिवाणूच्या फोलेट तयार करण्याच्या एकाच वाटेवर बसतात, पण वेगवेगळ्या वळणांवर. एक चुकवून जिवाणू पुढे गेला तर दुसरे अडवते. तेवढ्यावर भागत नाही. दोन्ही औषधे रक्तातून साधारण एकाच वेगाने उतरायला हवीत, नाहीतर सहा तासांनी एकटेच पहारा देत उभे राहते. अनेक सल्फा औषधांमधून सल्फामेथोक्साझोल निवडले गेले ते याच कारणाने: दोघांचाही अर्धायुकाल दहा तासांच्या आसपास. आणि प्रमाण? गोळीत ४०० ला ८०, म्हणजे पाचास एक. पण ट्रायमेथोप्रिम शरीरभर जास्त पसरत असल्याने रक्तात उरते वीसास एक, आणि हवे असते तेच. पाचास एक हा आकडा कुणाच्या मार्केटिंगच्या बैठकीत ठरलेला नाही.

याउलट चार तासांनी उतरणारे आणि दिवसभर टिकणारे औषध एका गोळीत कोंबून वर 'दिवसातून तीनदा' लिहिले, की एकाची तूट आणि दुसऱ्याची साठवण सुरू होते. सर्दीच्या पट्ट्या वाचून बघाव्यात.

*

मग तशा पट्ट्या निघतात कशाला? एक कारण किमतीचे. एकट्या औषधाची कमाल किंमत सरकारने बांधली की त्यात दुसरे काही मिसळून नवे नाव लावायचे, म्हणजे पुष्कळदा बंधनातून वाट निघते. दुसरे कारण परवान्याचे. नवी जोड म्हणजे कायद्याने नवे औषध, मंजुरी केंद्राची लागते. पण वर्षानुवर्षे राज्यांचे अधिकारीच परवाने देत राहिले. २०१२ मध्ये संसदेच्या समितीने यावर कडक शब्दांत लिहिले. पुढे प्रा. चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीने पट्ट्या तपासल्या आणि १० मार्च २०१६ रोजी ३४४ मिश्रणांवर बंदी आली. डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथून औषध तांत्रिक सल्लागार मंडळाकडे. डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या उपसमितीने पुन्हा बघितले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ वर बंदी. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६.

या सगळ्या कागदांतला मूळ प्रश्न साधा आहे: या गोळीतला प्रत्येक घटक इथे का आहे? बेरीज नको, एकेकाचे उत्तर द्या. मला हाच प्रश्न मंगल कार्यालयातल्या फळ्यालाही विचारावासा वाटतो. त्या तळातल्या गोलाचे काम काय? माल विकणे, की वरच्या गोलाला पेअर मिळवून देणे?

*

सेरॅशिओपेप्टिडेज. सूज उतरवते म्हणून दुखण्याच्या गोळीत तिसरे नाव. जपानमध्ये हे औषध 'डॅन्झेन' या नावाने टाकेडा कंपनी विकत होती. नव्याने चाचणी घेतली तेव्हा खोट्या गोळीपेक्षा काही वेगळे दिसले नाही, आणि २०११ मध्ये कंपनीने स्वतःच ते बाजारातून काढून घेतले. आपल्याकडच्या पट्ट्यांवर ते नाव त्यानंतरही राहिले. चांगल्या दोन घटकांच्या आडोशाला तिसरा कितीही दिवस राहू शकतो.

*

लीडर हा शब्द नेटवर्क मार्केटिंगच्या धंद्यात सकाळ-संध्याकाळ ऐकू येतो. सिल्व्हर, प्लॅटिनम, डायमंड. कोटाला पिन, स्टेजवर नवरा-बायको दोघे, टाळ्या. पण लीडरचे काम बारकाईने बघितले तर ते विक्रीचे नसते. ज्यांना अजून काही मिळालेले नाही, त्यांना सोडून जाऊ न देणे हे ते काम. त्यासाठी ठरलेली वाक्ये आहेत, सेमिनारची तिकिटे आहेत. यश आले तर सिस्टमचे, अपयश आले तर तुमच्या माइंडसेटचे. प्लॅन कधी नापास होत नाही, माणूस होतो.

तरी एक गोष्ट नाकारता येत नाही. ज्या बाईने आयुष्यात माइक धरला नव्हता, ती इथे दोनशे माणसांसमोर न अडखळता बोलायला शिकते, आणि तिला तिच्या नावाने हाक मारली जाते, 'अमक्याची आई' म्हणून नव्हे. हे तिला ना बँकेने दिले, ना नात्याने. लोक पैशासाठी येतात आणि बरेचदा यासाठी टिकतात. टीका करणाऱ्यांना हे दिसत नाही, म्हणून त्यांची टीका कुणी ऐकत नाही.

*

औषध कंपनीचा एरिया मॅनेजरही सोमवारी सकाळी असाच बोलतो. टार्गेट, जोश, मागच्या महिन्याचा टॉपर. फरक एवढाच की एमआरला पगार असतो आणि गोळ्या त्याला स्वतःला खाव्या लागत नाहीत.

१९७९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अॅम्वे ही थेट विक्री करणारी कंपनी पिरॅमिड नाही असा निकाल दिला, तो अशाच एका फरकाच्या आधारावर: माल पुढे विकला जातो की नाही. वितरकाने घेतलेल्या मालातला ७० टक्के पुढे विकला पाहिजे, महिन्याला दहा गिऱ्हाइके दाखवली पाहिजेत, न खपलेला माल परत घेतला पाहिजे, असे कंपनीचे नियम होते आणि ते पाळले जातात हे आयोगाने मान्य केले. त्याच निकालात किमती बांधल्याबद्दल आणि कमाईचे फुगवलेले आकडे सांगितल्याबद्दल कंपनी दोषी ठरली. मीटिंगमध्ये निकालाचा पहिला अर्धा भाग सांगतात.

*

सप्टेंबर २००० मध्ये सिप्लाचे युसूफ हमीद ब्रसेल्सला युरोपीय आयोगाच्या बैठकीत बोलले. एचआयव्हीच्या तीन औषधांचा उपचार तेव्हा माणशी वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलरला पडत होता. फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सला देऊ केलेला दर होता ३५० डॉलर, दिवसाला एक डॉलरहून कमी. त्याच वर्षी तिन्ही औषधांची एक गोळी निघाली: ट्रायोम्यून. स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन, नेव्हिरापिन. सकाळी एक, रात्री एक.

पाश्चात्त्य कंपन्यांना ही गोळी जमली नाही ती रसायनामुळे नव्हे. तीन औषधांचे हक्क तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे होते, आणि कोणी कोणाच्या गोळीत बसायला तयार नव्हते. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या वस्तूवर पेटंट नव्हते, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होते. त्यामुळे मुंबईच्या कंपनीला तिघांना एकत्र बसवता आले.

तरी गोळीला शिस्त होतीच. नेव्हिरापिन पहिले दोन आठवडे निम्म्याच डोसाने द्यायचे, नाहीतर अंगावर पुरळ आणि यकृताला धोका. म्हणजे पहिल्या दिवसापासून सरळ ट्रायोम्यून देता येत नव्हते. स्टॅव्हुडिन वजनानुसार, म्हणून ३० आणि ४० अशा दोन गोळ्या. आणि काही वर्षांनी त्याच स्टॅव्हुडिनने हातापायांच्या नसा बधिर केल्या, चेहऱ्यावरची चरबी उतरवली. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते हळूहळू बंद करायला सांगितले. एक घटक गेला म्हणजे ती गोळीच गेली. मधल्या काळात तिने जी माणसे जगवली, ती मात्र राहिली. जोड कितीही यशस्वी असली तरी घटक बदलायची तयारी हवी, आणि एचआयव्हीच्या उपचारात ती दाखवली गेली.

*

हे दोन विषय एका वहीत कसे आले? ते पहिल्यापासून एकाच घरात राहतात. कार्ल रेनबोर्गने १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात वनस्पती आणि जीवनसत्त्वांच्या मिश्रणाचा धंदा काढला. पुढे त्याचे नाव न्यूट्रिलाइट. १९४५ मध्ये मिटिंजर आणि कॅसलबेरी या जोडीने त्याची विक्री घेतली आणि विक्रेत्याने विक्रेते आणायचे, त्यांच्या खपावर वरच्याला वाटा, अशी योजना लावली. कॅसलबेरी मानसशास्त्रज्ञ होता. विक्रेत्यांच्या हाती एक पुस्तिका असे, आणि तिच्यात या पूरक गोळ्यांनी सुधारणाऱ्या दुखण्यांची लांबलचक यादी. अमेरिकी सरकारने माल जप्त केला, प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, १९५१ मध्ये दाव्यांना लगाम बसला. १९४९ मध्ये याच कंपनीचे वितरक झालेल्या व्हॅन अँडेल आणि डीव्हॉस या दोन मित्रांनी दहा वर्षांनी अॅम्वे काढली.

आता पुस्तिका नसते. डब्यावर बारीक अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही' असे असते. मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण आतेबहिणीने स्वयंपाकघरात ओट्याला टेकून सांगितले की "आमच्या लाइनमधल्या एकाची शुगर तीन महिन्यांत नॉर्मल आली, गोळ्या बंद झाल्या," तर ती जाहिरात कुठली? बावीस वनस्पतींच्या रसाचा तो डबा, आणि घेणाऱ्याची एम२ ची पट्टी टेबलावर तशीच. त्यातल्या एखाद्या वनस्पतीने खरोखरच साखर उतरवली तर ग्लिमेपिराइडच्या जोडीला ती किती खाली जाईल, हे कुठल्या डॉक्टरला विचारलेले नसते. ही जोड कोणत्याही समितीपुढे जात नाही.

*

डिसेंबर २०२१ पासून थेट विक्रीला केंद्राचे नियम आहेत. पिरॅमिड बंद, प्रवेश फी बंद. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचे नाही. आतेबहीण येताना फोन करते, एवढे खरे.